नाव घातलेली भांडी

प्रतिभा रिकाम्या हातानं आली, आणि तिथंच राजश्रीला वाटलं, आज काहीतरी शिजतंय.

लग्न होऊन शिरूरला गेल्यापासून ही नणंद कधी मोकळी माहेरी आली नव्हती. येताना पिशवी असायचीच, आणि आलेली पिशवी परत कधी गेली नव्हती. पोराची लहान झालेली सायकल, जळका वास मारणारा मिक्सर, चुलतसासूच्या गोधड्या, तीन पायांचं टेबल. सगळं कधी एसटीनं, कधी कुणाच्या टेम्पोतून न्हावऱ्यावरनं केडगावला यायचं आणि मागच्या खोलीत पडायचं. "शिरूरला जागा कुठाय, वैनी? राहू द्या थोडे दिवस," असं म्हणून प्रतिभा चहा घ्यायची आणि हलकी होऊन जायची. थोडे दिवस म्हणजे किती, हे या घरात कुणी कुणाला विचारत नसे.

आज मात्र तिच्या खांद्याला एवढीशी पर्स. दारात चप्पल काढता काढता तिची नजर आईकडं गेली नाही, भावाकडं गेली नाही. ती थेट स्वयंपाकघरातल्या मांडणीवर गेली आणि तिथंच थांबली.

"या ताई. गाडीला गर्दी न्हवती ना?" राजश्रीनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"न्हवती." प्रतिभानं तांब्या घेतला, वर उचलून त्याचं बूड बघितलं, मग पाणी प्याली. "मांडणी लई मोकळी दिसती, वैनी."

"घासून उन्हात ठेवल्यात."

"व्हय का? बरंय की."

त्या 'बरंय की'मध्ये काहीही बरं नव्हतं.

सगळे जमायचं कारण साधं होतं. पावसाळ्यातल्या वर्षावासाचं ग्रंथवाचन दरवर्षी विहारात व्हायचं, पण यंदा विहाराच्या स्लॅबचं काम निघालं होतं, म्हणून आश्विन पौर्णिमेचा समारोप ज्ञानदेव आप्पांच्या घरी करायचं वस्तीनं ठरवलं. आप्पा म्हणजे राजश्रीचे सासरे; ते जाऊन सहा वर्षं झाली तरी घर त्यांच्याच नावानं ओळखलं जायचं. पौर्णिमा आठ दिवसांवर होती. साठ-सत्तर माणसं येणार, खीरदान होणार, आणि घरात पाय ठेवायला जागा नव्हती.

तीन खोल्यांचं घर. पुढची खोली, स्वयंपाकघर आणि मागची खोली. मागच्या खोलीला दार होतं, पण ते सहा महिन्यांपूर्वी अर्धं उघडून अडकलं ते अडकलंच. आत सरकायचं तर आडवं होऊन. प्रतिभाच्या पिशव्या होत्याच. धाकटा दीर सुमित दौंडला राहायचा. त्यानं मध्ये पाण्याच्या फिल्टरची एजन्सी घेतली होती, ती बुडाली आणि चौदा खोकी इथं आली. त्यांच्यावर त्याची व्यायामाची सायकल. राजश्रीचा नवरा नागसेन कोरेगावच्या कारखान्यात होता. कंपनीतनं आलेलं प्रत्येक खोकं आणि वायरचं प्रत्येक भेंडोळं "कवा तरी लागतंय" म्हणून तो जपून ठेवायचा. आणि या सगळ्यांच्या मुळाशी सासूबाई चांगुणाबाई, ज्यांनी आयुष्यात सुतळीचा तुकडासुद्धा फेकला नव्हता.

राजश्री वीस वर्षं या पसाऱ्याशी भांडत होती. ती एक कोपरा मोकळा करायची, आठ दिवसांत तिथं नवीन गाठोडं येऊन बसायचं. आता तिला एकच गोष्ट हवी होती. समारोप झाला की ती खोली तिच्या लेकीला मिळावी. दीक्षा बारावीला होती आणि गच्चीच्या जिन्यात बसून अभ्यास करत होती. नागसेननं घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता, 'रविवारी सगळ्यांनी यावे, आपापले सामान बघावे.' त्यावर प्रतिभानं अंगठा दाखवला होता. सुमितनं काहीच दाखवलं नव्हतं.

पसाऱ्यात एक भर मात्र अशी होती, जी राजश्री आणि दीक्षा सोडून कुणाला ठाऊक नव्हती. ती भांड्यांची.

वस्तीतलं नामकरण असो, लग्न असो, कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असो, चुलीपुढं तीस वर्षं चांगुणाबाईच असायच्या. दहा घरची भांडी गोळा व्हायची. कार्यक्रम उरकला की कुणाचा तांब्या, कुणाची परात मागं राहायची. ती चांगुणाबाई घरी आणायच्या, लखलखीत घासायच्या आणि दुसऱ्या दिवशी पाटीत घालून दारोदार पोचवायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं, त्यामुळं भांड्यांवर टिंबाटिंबांनी घातलेली नावं त्यांच्या उपयोगाची नव्हती. पोचा बघून, कडेवरनं बोट फिरवून त्या सांगायच्या, हे ओव्हाळांचं, हे शेजारच्या नीलमच्या सासूचं. कधी चूक झाली नाही.

गेल्या दोन वर्षांत आणणं तेवढं राहिलं आणि पोचवणं विसरलं. पहिल्याच उन्हाळ्यात तर राजश्रीनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. वस्तीत कसलाच कार्यक्रम नव्हता, आणि सासू शेजारच्या ओट्यावरची तपेली उचलून घरी घेऊन येत होती. चेहऱ्यावर चोरटेपणा अजिबात नव्हता. राहिलेलं काम उरकायला निघालेली बाई जशी चालते, तशी चालत होती. पण बघणाऱ्याला ते कळणार कसं? तो म्हणणार, ज्ञानदेवाची म्हातारी भांडी चोरते.

तेव्हापासून भर दुपारी, वस्ती लवंडलेली असताना, राजश्री रेशनच्या पिशवीत चार-चार भांडी घालून बाहेर पडायची. कुणाच्या न्हाणीच्या दगडावर ठेव, कुणाच्या पायरीवर ठेव. समोर कुणी आलंच तर "तुमचंच ना हे? आमच्याकडं राहिलं हुतं." तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. नागसेन मनानं हळवा. तो सुमितला सांगणार, सुमित बायकोला सांगणार, आणि दौंडहून फिरून ती गोष्ट संध्याकाळी इथल्या विहिरीवर येणार. चांगुणाबाईंचं वस्तीत नाव होतं. ते जाऊ नये, एवढंच राजश्री बघत होती. स्वतःच्या नावाचा विचार तिनं केला नव्हता, आणि तिथंच ती चुकली.

"नीलमचा फोन आला हुता," प्रतिभा चहाचा कप खाली ठेवत म्हणाली. कुणाकडंही न बघता म्हणाली. "तुमची लई चौकशी करत हुती, वैनी."

"माझी?"

"दुपारचं कुठं जाता म्हणून."

राजश्रीनं कप उचलले आणि मोरीकडं गेली. तिचे कान तापले होते.

खरं सांगायचं तर संशय एकाच बाजूनं नव्हता. राजश्रीच्या लग्नात तिच्या आईनं त्यांच्या राहू गावच्या बाजारातनं एक कडीचा डबा घेतला होता, जाड स्टीलचा, झाकणावर नाव घातलेला, 'राजश्रीस आईकडून'. वर्षभरातच आई गेली. पुढच्या साली प्रतिभा बाळंतपणाला आली आणि डिंकाचे लाडू घेऊन शिरूरला परत गेली, त्याच आठवड्यात डबा दिसेनासा झाला. राजश्री एका शब्दानं बोलली नाही. पण एकोणीस वर्षं शिरूरला गेली की तिची नजर आधी नणंदेच्या मांडणीवर जायची. डबा तिथं कधी दिसला नाही, त्यामुळं संशय अजूनच पक्का झाला. लपवून ठेवला असणार, दुसरं काय?

दहा वाजता सुमित मोटारसायकलवर आला आणि पाठोपाठ चांदभाईंचा टेम्पो. चांदभाई आप्पांचे जुने दोस्त. टेम्पो फाटकाला लावून त्यांनी आत आवाज दिला, "काय वैनी, किती खेपा हायत?" चांगुणाबाई अंगणात खुर्ची टाकून पहाऱ्याला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एक बी न्हाई. चहा पी आन् जा."

कामाला सुरुवात झाली. नागसेन आणि सुमितनं दार खांद्यानं लोटून उघडलं, आणि आतला पसारा अंगणात यायला लागला. फुटक्या बादल्या, गाठोडी, गेल्या कित्येक वर्षांची कॅलेंडरं. प्रत्येक वस्तूला चांगुणाबाई जागच्या जागी अडवायच्या.

"ती चाळण ठेव."

"आई, भोकं पडल्यात तिला," नागसेन म्हणाला.

"चाळणीला भोकंच असत्यात."

दीक्षा खुदकन हसली. राजश्रीलाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. सुमित आपल्या खोक्यांवर बसून मोबाईल बघत होता.

"सुमित भावजी, टेम्पो तुमच्यासाठीच बोलावलाय," ती म्हणाली.

"न्हेतो की. पण वैनी, एक सांगा. आमचं समदं काढल्यावर हितं काय हुणार हाय?"

"दीक्षा अभ्यासाला बसंल."

"आन् नंतर?"

"नंतर काय?"

"न्हाई, आपलं विचारलं." सुमित बहिणीकडं बघून म्हणाला. "खोली एकदा मोकळी झाली की मग ती कुणाची म्हणायची, हे आधी बोललेलं बरं."

म्हणजे खोकी विसरली नव्हती, तर ठेवली होती. एसटीतल्या जागेवर रुमाल टाकून ठेवावा तशी. राजश्रीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तिला रागापेक्षा थकवाच जास्त आला. तिनं नवऱ्याकडं बघितलं. नागसेन वायरचं भेंडोळं गुंडाळत होता, फार मन लावून.

प्रतिभा उठली. पदर खोचून ती अंगणात आली आणि मधोमध उभी राहिली.

"खोलीचं मागनं बघू. दादा, मला आधी आईची भांडी कुठं गेली ते सांग. मांडणी निम्मी झाली."

"कसली भांडी?" नागसेनला खरंच काही कळलं नव्हतं.

"नीलम बघती रोज. वैनी दुपारच्याला पिशवी भरून न्हेत्यात आन् रिकामी घेऊन येत्यात. कुठं घालत्यात, दौंडला मोडीत का राहूला म्हायेरी, ते तू इचार."

फाटकापाशी चांदभाई विडी विझवून टेम्पोत जाऊन बसले. चांगल्या माणसाला कधी उठायचं ते कळतं.

"ताई, असलं काय न्हाई," राजश्री म्हणाली.

"मग कसलं हाय?"

"मी सांगंल. पर आत्ता न्हाई."

"आत्ता का न्हाई?"

राजश्रीची नजर सासूकडं गेली. चांगुणाबाई खुर्चीत बसून गाठोड्याची गाठ सोडत होत्या. सोडायच्या आणि परत बांधायच्या.

"राजश्री," नागसेन हळू आवाजात म्हणाला, "काय न्हेलंस का तू?"

नणंदेचं बोलणं तिनं गिळलं असतं. पण वीस वर्षं ज्याच्या ताटात वाढलं त्यानं चारचौघांत असं विचारावं, हे तिला लागलं. डोळे भरून आले तसं तिनं तोंड फिरवलं. आणि तिचं हे तोंड फिरवणंच प्रतिभाला पुरलं. ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. पिठाचा डबा सरकवल्याचा आवाज आला, आणि ती रेशनची पिशवी घेऊनच बाहेर आली. आजच्या दुपारसाठी बांधून ठेवलेली.

"ही घ्या! डोळ्यांनी बघा समदे." तिनं पिशवी अंगणात उपडी केली. परात गोल फिरत जाऊन जोत्याला टेकली. दोन वाट्या, एक तपेली, एक झारा. "वाच रं सुमित, नाव वाच. आप्पांचंच नाव असंल."

सुमितनं परात उचलली. "रंगुबाई ओव्हाळ," तो म्हणाला. मग तपेली उचलली. "पार्वतीबाई साळवे." झारा. "हे विहाराचं हाय." तो थांबला. "ताई, हे आपलं न्हाईच. ही लोकांची भांडी हायत."

आता मात्र प्रतिभाचा चेहरा पांढरा पडला. आईची भांडी सुनेनं विकली, एवढ्याची तिनं तयारी करून आणली होती. हे त्याहून वाईट होतं.

"वैनी, तू लोकांची भांडी उचलतीस?" 'तुम्ही' कधी गळून पडलं ते तिलाही कळलं नाही. "आई, तुला ठावं हाय का हे?"

चांगुणाबाईंनी परातीकडं बघितलं. डोळे बारीक करून, बराच वेळ. मग सुनेकडं बघितलं.

"मला काय ठावं. तीच आणती, तीच न्हेती. पिशवी तिची हाय."

राजश्रीला वाटलं, आपल्याला कुणीतरी ढकलून दिलं. दोन वर्षं जिची अब्रू पदराखाली झाकली, तिनंच बोट दाखवलं होतं.

"आई, सांग ना!" दीक्षा ओरडली. "तू सांगत का नाहीस? मी सांगते."

"दीक्षा, गप बस."

"का गप बसायचं? आजी..."

"गप बस म्हटलं ना!"

याच वेळेला फाटक वाजायचं काही कारण नव्हतं, पण ते वाजलं. रंगुबाई ओव्हाळ. अंगणभर पसारा, त्यात ताठ उभी राहिलेली माणसं, आणि मधोमध स्वतःची परात. म्हातारीची नजर सगळ्यांवरनं फिरून परातीवर आली.

"चांगुणा, माझी परात बघत हुते गं. ओट्यावर पालथी घातल्याली, काल संध्याकाळपास्नं न्हाई."

राजश्रीनं सासूच्या तोंडाकडं बघितलं आणि तिचा राग जिथल्या तिथं बसला. चांगुणाबाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या. परात इथं कशी आली हे त्यांना खरंच आठवत नव्हतं. पण काहीतरी आपल्या हातून झालंय, एवढं त्यांना कळत होतं.

"मी आणली, रंगुमावशी," राजश्री म्हणाली. स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "पौर्णिमेच्या पुऱ्यांना कणिक किती मावती ते बघायचं हुतं. तुम्ही न्हवता, म्हणून तशीच आणली. चुकलंच माझं."

रंगुबाईंनी परात घेतली. पदरानं पुसली. "इचारायचं की बाई," त्या सावकाश म्हणाल्या. "साळव्यांची तपेली बी गेली म्हणत हुती पार्वती. तीबी कणिक बघायला आणली का?"

तपेली सुमितच्या हातातच होती.

"व्हय," राजश्री म्हणाली.

रंगुबाई मान हलवत निघाल्या. दिवस मावळायच्या आत वस्तीत काय बोललं जाणार, हे अंगणातल्या प्रत्येकाला कळलं. नागसेन खाली बसला. प्रतिभा तोंडाला पदर लावून उभी होती. तिला काहीतरी चुकीचं वाटत होतं, पण नेमकं काय ते सापडत नव्हतं. चोर इतक्या लवकर कबूल होत नसतो.

तेवढ्यात चांगुणाबाई उठल्या. रंगुबाईंना पोचवायला म्हणून फाटकापर्यंत गेल्या, तिथनं बाहेर गेल्या. शेजारी नीलमचा ओटा. ओट्यावर एक तांब्या होता, नुकताच विसळून ठेवलेला. चांगुणाबाईंनी तो उचलला, आतलं पाणी झटकलं, आणि शांतपणे घेऊन आल्या. अंगणातून चालत येऊन तो त्यांनी प्रतिभाच्या पायाशी ठेवला.

"राहिला हुता," त्या म्हणाल्या. "घासून ठेव. सकाळी ज्याचा त्याला द्यायचा."

प्रतिभा तांब्याकडं बघत राहिली. मग तिनं वर बघितलं ते आईकडं नाही, भावजयीकडं.

"कवापास्नं?" तिनं विचारलं.

"दोन वर्सं झाली."

"आन् तू येकटी..."

ती वळली आणि सरळ मागच्या खोलीत गेली. आत धाडधाड आवाज यायला लागले. रडू आलं की काम काढायची तिची लहानपणापासूनची सवय होती. स्वतःच आणलेल्या पिशव्या ती एकेक करून बाहेर फेकत होती. सायकल आली, मिक्सर आला, गोधड्या आल्या. सुमित न सांगता उठला आणि खोकी टेम्पोत भरायला लागला. नागसेन बायकोजवळ आला, काही बोलायला गेला, आणि बोलायच्या ऐवजी त्यानं वायरचं भेंडोळं टेम्पोत नेऊन टाकलं. राजश्रीनं ते बघितलं. पुरेसं नव्हतं, पण बघितलं.

मग आतले आवाज थांबले.

प्रतिभा दारात आली. तिच्या हातात एक कडीचा डबा होता. धुळीनं काळा पडलेला, जाड स्टीलचा. झाकण तिनं पदरानं पुसलं होतं, तेवढंच चमकत होतं.

"वैनी, हा तुमचा दिसतोय. पार भिंतीला, खाली हुता." तिनं झाकण काढलं. आत पिवळी पडलेली झबली, एक टोपडं, एक दुपटं. "अगं बया, ही माझ्या पोराची. आईनं जपून ठेवली व्हय?"

"चांगल्या डब्यात ठेवली," चांगुणाबाई खुर्चीतनं म्हणाल्या. "घरात त्यो येकच डबा घट्ट झाकणाचा. कसर लागू नये म्हणून." एकोणीस वर्षांपूर्वीचं त्यांना स्वच्छ आठवत होतं.

राजश्री जागची हलली नाही. डबा घराबाहेर गेलाच नव्हता. भिंतीपलीकडं, चार हातांवर होता.

"काय झालं, वैनी?"

"एकोणीस वर्सं," राजश्री म्हणाली, "मी समजत हुते, ह्यो डबा तुम्ही न्हेला."

प्रतिभाचं तोंड उघडं राहिलं. "म्हणून तुम्ही माझ्या घरी आला की मांडणीकडं टक लावून बघायचा?"

"व्हय."

"आन् मला वाटायचं, वैनी धूळ बघत्यात. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी मी समदी मांडणी पुसून काढायची!"

आधी प्रतिभाला हसू फुटलं. मग राजश्रीला. हसता हसता दोघी कधी रडायला लागल्या, ते टेम्पोत बसलेल्या चांदभाईंनाही सांगता आलं नसतं.

डोळे पुसून प्रतिभानं अंगणात पडलेल्या वाट्या आणि झारा पिशवीत भरला. सुमितच्या हातातली तपेली घेतली, नीलमचा तांब्या त्यावर ठेवला, खोलीत सापडलेल्या आणखी सात-आठ वस्तू घेतल्या. राजश्री पिशवीला हात लावायला गेली तर तिनं लावू दिला नाही.

"मी धरते. माझ्या हातात बघू दे लोकांना. चल आई."

भर दुपारी तिघी वस्तीतून निघाल्या, मध्ये चांगुणाबाई. पहिलं घर रंगुबाईंचंच. तिथं पार्वतीबाई आधीच येऊन बसल्या होत्या, म्हणजे गोष्ट सुटली होती. प्रतिभानं तपेली पुढं केली.

"आमच्या सुनेची खोड हाय," चांगुणाबाई पटकन म्हणाल्या. "लोकांची भांडी आणती ती."

राजश्रीनं नणंदेचा हात दाबला. राहू द्या. पण प्रतिभानं हात सोडवून घेतला.

"न्हाई, मावशी. आई आणती." तिचा आवाज चिरकला, तरी ती थांबली नाही. "आई आता इसरती. वैनी दोन वर्सं गुपचूप परत आणून देती, आन् आज आमच्या आईसाठी खोटं बोलली. हे तिनं सांगितलं असतं तर तुम्ही मानलं नसतं. म्हणून मी सांगते. मी तिची लेक हाय."

चांगुणाबाई इकडंतिकडं बघत होत्या. मग रंगुबाई उठल्या, त्यांनी चांगुणाबाईंचा हात धरला आणि आपल्या शेजारी बसवलं. आत गेल्या त्या चार वाट्या, एक पळी आणि एक पितळी तांब्या घेऊनच बाहेर आल्या.

"ज्ञानदेव आप्पांचं नाव हाय त्यावर," त्या ओशाळून म्हणाल्या. "नातवाच्या नामकरणापास्नं माझ्याकडंच हायत. नातू आता कॉलेजला जातोय."

पार्वतीबाई खाली बघत म्हणाल्या, "आमच्याकडं बी एक पातेलं हाय तुमचं. देते."

दारोदार तेच झालं. नीलमनं तर आपला तांब्या घेताना मान वर केली नाही, आणि दोन ताटल्या काढून दिल्या. तीन वाजता तिघी घरी परतल्या तेव्हा पिशवी गेली होती त्याहून जड होती. दीक्षानं तोवर खोली झाडून काढली होती, तीन पायांच्या टेबलाला विटा लावून पुस्तकं मांडली होती, त्यांच्या शेजारी कडीचा डबा ठेवला होता, आणि ती दार अडवून उभी होती.

"इथं नाही," ती म्हणाली. "इथं आता काहीच यायचं नाही."

"हितं न्हाई गं बाई," प्रतिभा म्हणाली. "ही शिरूरला. न्हेऊ का, वैनी? आप्पांच्या नावाची एवढी राहू द्या माझ्याकडं."

"न्या की."

टेम्पोत सुमितची खोकी, त्यावर प्रतिभाच्या पिशव्या, आणि पुढं चांदभाईंच्या शेजारी मांडीवर रेशनची पिशवी घेऊन प्रतिभा. आईला दर रविवारी एकेकानं बघायचं, असं काहीतरी सुमित आणि नागसेनचं फाटकात ठरत होतं. ते किती टिकेल, याची राजश्रीला फारशी खात्री नव्हती. टेम्पो सुरू झाला तशी प्रतिभानं मान बाहेर काढली.

"वैनी, डबा बी न्हेऊ का? एकोणीस वर्सं चोरी माझ्या नावावर हायच."

"पिशवी न्या," राजश्री म्हणाली. "डबा न्हाई."

प्रतिभा हसत हसत गेली. टेम्पो चौफुल्याच्या रस्त्याला लागेपर्यंत राजश्री फाटकात उभी होती. मग ती आत आली, सासूला चहा दिला, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून मागच्या खोलीत डोकावली. डबा जागेवरच होता.